पागोळीखालचं भांडं : एनडी फिल्टर घ्यावा की कॅमेऱ्यातल्या अ‍ॅपवर भागवावं?

ऑक्टोबरातली दुपार. ओहोटीची वेळ बघून हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर उतरलो होतो आणि ट्रायपॉड लावून लेन्सपुढे काळी काच चढवत होतो. मागून एक काका म्हणाले, "अहो, दिवसाढवळ्या कॅमेऱ्याला गॉगल कशाला?" मी उत्तर जुळवतोय तोवर त्यांच्या मुलीने फोन काढला, तीनेक सेकंद स्थिर धरला आणि त्याच लाटांचा दुधासारखा पसरलेला फोटो काकांसमोर धरला. काच नाही, ट्रायपॉड नाही. माझ्या कॅमेऱ्याचं शटर अजून उघडलंही नव्हतं.

प्रश्न रास्त होता. लाटांचं धुकं, धबधब्याचं रेशीम, आभाळात ओढले गेलेले ढग हे सगळं आता फोन आणि कॅमेरे आतल्या आत करून देतात. मग काही हजार रुपयांची काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, कुणी का बाळगावी?

उत्तर समजायला पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्यांखाली लावून ठेवलेली भांडी आठवा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अशी कोट्यवधी भांडी एकमेकांना चिकटून मांडलेली असतात. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक भांडं आणि प्रकाश म्हणजे पाऊस. शटर उघडं असेपर्यंत पाऊस साठतो, बंद झालं की कॅमेरा कुठल्या भांड्यात किती पाणी आहे ते मोजतो. भांडं काठोकाठ भरलं की पुढचं पाणी वाहून जातं आणि फोटोत तिथे नुसता पांढरा डाग उरतो. आपली सगळी अडचण या काठाची आहे.

आकडे घालून बघू. स्वच्छ उन्हात, एफ/११ अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा वाढला की भोक लहान) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) वर साधारण १/२०० सेकंदात भांडं बरोबर भरतं. मला मात्र शटर ३० सेकंद उघडं हवंय, कारण तेवढ्यात चार-पाच लाटा येऊन जातील आणि त्यांचं धुकं होईल. म्हणजे भांड्यात मावतं त्याच्या ६,००० पट पाऊस. अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवलं तर पाऊस चौथाई होतो, पण तेवढ्या बारीक भोकातून येताना प्रकाश पसरतो आणि चित्राची धार जाते. तेव्हा मार्ग दोनच. पाऊस अडवायचा, नाहीतर भांडं सारखं रिकामं करत राहायचं.

पाऊस अडवतो तो एनडी फिल्टर. न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे सगळे रंग सारख्याच प्रमाणात अडवणारी करडी काच. भांड्यावर बारीक भोकाचं झाकण ठेवल्यासारखं. प्रकाश निम्मा केला की तो एक स्टॉप. तीन स्टॉपची काच आठवा हिस्सा आत सोडते, सहाची चौसष्टावा, दहाची साधारण हजारावा. दुकानात या एकाच गोष्टीची तीन नावं चालतात, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. एनडी ६४, डेन्सिटी १.८ आणि सहा स्टॉप हे तिन्ही एकच. एनडी १०००, ३.० आणि दहा स्टॉप हेही एकच. दशांशवाल्या आकड्याला ०.३ ने भागलं की स्टॉप मिळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भांडं रिकामं करत राहणं म्हणजे अ‍ॅपचा मार्ग. झाकण नाही. भांडं भरत आलं की पिंपात ओतायचं, परत पागोळीखाली धरायचं, परत ओतायचं. शेवटी पिंपातलं पाणी जितक्या वेळा ओतलं त्या संख्येने भागायचं, की सरासरी निघते. कॅमेरा नेमकं हेच करतो. एकामागून एक कितीतरी छोट्या फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, घेतो आणि प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढून एक फोटो हातात देतो. खडक सगळ्या फ्रेममध्ये जागच्या जागी असतो, म्हणून तो टोकदार राहतो. लाट प्रत्येक फ्रेममध्ये वेगळीकडे असते, म्हणून तिचं धुकं होतं.

हे प्रथम लोकांच्या नजरेत भरलं ते सोनीच्या कॅमेऱ्यांमुळे. ए७ मालिकेतल्या पहिल्या दोन पिढ्या, ए६००० सारखे छोटे कॅमेरे यांच्यात प्लेमेमरीज नावाचं दुकानच होतं. फोनमध्ये घेतो तशी अ‍ॅप पैसे देऊन कॅमेऱ्यात घ्यायची. त्यातलं 'स्मूथ रिफ्लेक्शन' निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांचं लाडकं. ते २५६ पर्यंत फ्रेमची सरासरी कॅमेऱ्यातच काढायचं. मग २०१७ मध्ये ए९ आला आणि सोनीने नव्या कॅमेऱ्यांमधून ही अ‍ॅपची सोयच काढून टाकली. का, ते कंपनीला ठाऊक. पण त्या एका अ‍ॅपसाठी जुना ए७आर न विकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना हसण्याचा मला काही अधिकार नाही.

ऑलिंपसने दुसरी वाट धरली आणि सोय वेगळ्या अ‍ॅपऐवजी थेट कॅमेऱ्यातच घातली. २०१९ च्या ई-एम१एक्समध्ये 'लाइव्ह एनडी' पाच स्टॉपपर्यंत होतं, २०२२ च्या ओएम-१ मध्ये सहा झालं, २०२४ च्या ओएम-१ मार्क टू मध्ये सात. यातली खरी चैन म्हणजे शटर दाबण्याआधीच पाणी किती मऊ होणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. काळ्या काचेमागे उभं राहून अंदाज बांधत बसणाऱ्याला याची किंमत कळेल. निकॉन, कॅनन, फुजी यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत 'मल्टिपल एक्स्पोजर' असतं आणि त्यात सरासरीचा पर्याय असतो, पण तिथे नऊ-दहा फ्रेमवर गाडी थांबते. फोनचं म्हणाल, तर आयफोनमध्ये लाइव्ह फोटोला, म्हणजे काही क्षणांची हालचालही टिपणाऱ्या फोटोला, 'लाँग एक्स्पोजर' करायची सोय २०१७ पासून आहे. काकांच्या मुलीने वापरली ती हीच. फोनला तर दुसरा इलाजच नव्हता. बहुतेक फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर मिटवताच येत नाही आणि पुढे काच चढवायला आटेही नसतात.

यातलं काहीही तुमच्या कॅमेऱ्यात नसलं तरी अडत नाही. ट्रायपॉडवरून पन्नासेक फ्रेम घ्या, घरी फोटोशॉपमध्ये एकावर एक रचा, स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोडमध्ये 'मीन' निवडा. तेच गणित, फक्त उशिरा. तिथेच खाली 'मेडियन' दिसेल, त्याची गंमत निराळी. मीन सगळ्यांना थोडं थोडं मिसळतो. मेडियन प्रत्येक पिक्सेलसाठी मधली किंमत घेतो आणि क्वचित येऊन गेलेलं काहीही गाळतो. गेटवे ऑफ इंडियासमोर पंचवीस-तीस फ्रेम जरा अंतरा-अंतराने घेऊन मेडियन लावलात, की चालती माणसं नाहीशी होतात. सेल्फी काढत दहा मिनिटं एकाच जागी उभी असलेली तेवढी उरतात.

आता मुद्द्याचं. भांडं उचलून पिंपात ओतत असताना पडणारा पाऊस कुठे जातो?

वाया जातो. वरचाच हिशोब पुढे नेऊ. १/२०० सेकंदाच्या २५६ फ्रेम ३० सेकंदांत पसरून घेतल्या, तर शटर प्रत्यक्षात उघडं राहिलं १.२८ सेकंद. म्हणजे त्या अर्ध्या मिनिटातलं चार टक्क्यांच्या आसपास काय ते कॅमेऱ्याने पाहिलं, बाकी पावणेएकोणतीस सेकंद तो डोळे मिटून होता. तरी फोटो छान येतो. कारण लाट अस्ताव्यस्त असते. २५६ वेळा डोकावून पाहिलं तरी तिच्या येण्याजाण्याचा सरासरी अंदाज बरोबर मिळतो, जसा भाताच्या दोन शितांवरून मिळतो. पण शितं फार कमी घेतली तर फसतो. आठ-दहा फ्रेममध्ये काढलेल्या समुद्राला नीट पाहा, किनाऱ्याच्या रेषेवर एकावर एक आठ-दहा लाटांच्या कडा भुतासारख्या दिसतात. धुकं होत नाही, चिंध्या होतात.

आणि जी गोष्ट अस्ताव्यस्त नाही, रेघ ओढत जाते, तिला हे डोळे मिटणं अजिबात चालत नाही. वांद्रे रेक्लमेशनवरून संधिप्रकाशात सी लिंक काढताना हे मला चांगलंच समजलं. पाणी मऊ, आभाळ सुंदर, आणि पुलावरच्या दिव्यांच्या रेघा मात्र मोर्स कोडसारख्या तुटक. पाव सेकंदाची फ्रेम, मग पाव सेकंद कॅमेरा लिहिण्यात गुंतलेला. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे सरकते. म्हणजे साडेपाच मीटर रेघ, साडेपाच मीटर अंधार. नव्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरमुळे ही फट खूप अरुंद झाली आहे, पण ताऱ्यांच्या रेघा काढणाऱ्यांना ती अजून छळते. म्हणून तर स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फटी बुजवायची वेगळी सोय द्यावी लागली.

म्हणून माझी पहिली कसोटी किमतीची नसते, गुणवत्तेचीही नसते. समोर हलतंय ते नुसतं खळबळतंय की रेघ ओढतंय, एवढंच मी पाहतो. पाणी, धुकं, संथ ढग, वाऱ्यावरचं गवत असेल तर अ‍ॅप खुशाल वापरा. गाड्या, होड्यांचे दिवे, फिरती जत्रा असेल तर एकसलग एक्स्पोजर हवं, म्हणजे शटर एकदाच उघडून मध्ये न मिटता घेतलेला फोटो. सुदैवाने रेघा ओढणारे दिवे बहुतेक वेळा अंधारात भेटतात आणि तिथे काचेची गरजही कमी पडते.

खळबळणाऱ्या विषयांत सरासरीचा एक फायदा असा आहे की तो काचेला जमूच शकत नाही. मापनात होणाऱ्या बारीकसारीक चुका, ज्यांना आपण नॉइज म्हणतो, कधी वर जातात कधी खाली, आणि बेरजेत एकमेकींना खातात. १६ फ्रेमच्या सरासरीत नॉइज पाव होतो, ६४ मध्ये आठवा हिस्सा, २५६ मध्ये सोळावा. फ्रेमच्या संख्येचं वर्गमूळ, बस. खडकांच्या काळोख्या कपारी घरी येऊन उजळल्या तरी त्यात दाणे दिसत नाहीत. यात एक मेख आहे. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी येणारे दोष, म्हणजे एखादा ठार लाल पिक्सेल किंवा सेन्सरचे आडवे पट्टे, सरासरीने जात नाहीत. उलट आजूबाजूचा गोंगाट शमल्यावर ते जास्तच नजरेत येतात.

काचेच्या बाजूने लांब एक्स्पोजर केलं की सेन्सर तापतो आणि कोकणातल्या उकाड्यात रंगीत ठिपके उठू लागतात. ते घालवायला कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरी, काळी फ्रेम घेतो आणि ती वजा करतो. चार मिनिटांच्या फोटोनंतर आणखी चार मिनिटं हात बांधून बसायचं. सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही.

काचेच्या बाकी कटकटींबद्दल तक्रार करायची तर रात्र पुरणार नाही, तेव्हा थोडक्यात. दहा स्टॉपच्या काचेतून काही दिसत नाही, म्हणून फोकस आधी करून मॅन्युअलवर टाकायचा आणि मग काच चढवायची. चढवताना फोकस रिंगला धक्का लागतोच. स्वस्त काचा न्यूट्रल नसतात. दिसणारा प्रकाश अडवतात, पण डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड निसटू देतात आणि काळे कपडे विटकरी दिसू लागतात. दोन काचा एकमेकींवर फिरवून गडद-फिकट करणारा व्हेरिएबल एनडी दिसायला सोयीचा, पण रुंद लेन्सवर शेवटपर्यंत फिरवला की आभाळात भलीमोठी काळी फुली उमटते. आटे घट्ट बसले तर रबरबँड गुंडाळून फिरवा, सुटतात. आणि समुद्राच्या तुषारांचा एक थेंब काचेवर बसला की तो सबंध एक्स्पोजरभर तिथेच.

हा शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. एकसलग एक्स्पोजर म्हणजे एकच डाव. चाळिसाव्या सेकंदाला वाऱ्याचा झोत आला, कुणी टॉर्च घेऊन समोरून गेलं, की सगळं पाण्यात. वेगवेगळ्या जपून ठेवलेल्या फ्रेम असतील तर खराब तेवढ्या फेकून द्यायच्या. कॅमेऱ्यातल्या अ‍ॅपमध्ये ही मुभा नसते, कारण ते तिथल्या तिथे मिसळून टाकतं. म्हणूनच मी हल्ली सुट्या फ्रेम घेऊन घरी सरासरी काढतो. मेमरी कार्ड भरतं खरं. आणि यांत्रिक शटर वापरत असाल तर एक हिशोब करून ठेवा. दोन लाख क्लिकसाठी बनवलेलं शटर फोटोमागे २५६ क्लिक खर्चत गेलं तर ७८१ फोटोंत आयुष्य संपेल. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेच वापरा.

एक बारकावा मात्र अ‍ॅपचे भक्त सोयीस्कर विसरतात. पाण्यावर सूर्याची तिरीप चमकते, तेव्हा त्या क्षणापुरती तिथली भांडी १/२०० सेकंदातही ओसंडतात. ओसंडलेलं पाणी पिंपात जात नाही. परिणामी सरासरीत ती चमक असायला हवी त्यापेक्षा मलूल येते. झाकण ठेवलेल्या भांड्यात तीच चमक थेंबाथेंबाने पूर्ण जमा होते. उतारा असा की प्रत्येक फ्रेम मुद्दाम दोनेक स्टॉप अंधारी घ्यायची. नॉइज कमी होणारच असतो, नंतर उजळता येतं. तरी ऐन सूर्यास्ताकडे तोंड करून काढायचं असेल, तर काचेचा फोटो मला अजून सरस वाटतो.

आणि काही कामांत ही तुलनाच गैरलागू आहे. भर उन्हात एफ/१.४ वर कुणाचं व्यक्तिचित्र काढायचंय, पाठीमागचं सगळं विरघळवायचंय, तर प्रत्येक फ्रेमच ओसंडते. तिथे शंभर सरासऱ्या काढून उपयोग शून्य, पाऊस अडवायलाच हवा. व्हिडिओचं तसंच. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर हालचाल डोळ्यांना सहज वाटायला शटर १/५० च्या आसपास ठेवतात. दुपारी ते झेपत नाही, म्हणून ड्रोनवाल्यांच्या पेटीत नखाएवढ्या एनडी काचा असतात. पोलरायझरचं, म्हणजे चकाकी कापणाऱ्या काचेचं, कामही कुठलं अ‍ॅप करत नाही. ओल्या खडकावरची चकाकी एकदा सेन्सरवर पोचली की ती वेगळी काढता येत नाही.

सरासरीने अजिबात न होणारा, पण फ्रेम रचूनच होणारा एक प्रकार आपल्याकडे दरवर्षी मे अखेर ते जूनमध्ये दिसतो. काजवे. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथले झाडभर लखलखणारे फोटो तुम्ही पाहिले असतील. काजवा लुकलुकतो तो एखाद्या फ्रेममध्ये. २५६ फ्रेमची सरासरी काढलीत तर त्याचा उजेड २५६ ने भागला जाऊन दिसेनासा होईल. म्हणून इथे बेरीज-भागाकार सोडून वेगळा नियम लावतात. प्रत्येक पिक्सेलसाठी सगळ्या फ्रेममधली सर्वांत उजळ किंमत घ्यायची. ऑलिंपसच्या 'लाइव्ह कॉम्पोझिट'मध्ये हे २०१४ पासून कॅमेऱ्यातच होतं. पहिल्या फ्रेमवर नंतरची फक्त उजळलेली जागा चढत जाते आणि पडद्यावर झाड भरताना दिसतं. यातली प्रामाणिक बाजूही सांगायला हवी. फोटोतले हजारो काजवे एका क्षणाचे नसतात, अर्धा-पाऊण तासाचे असतात. ते फोटो बघून गेलेल्यांचा तिथे पोचल्यावर हिरमोड होतो, आणि मग कुणीतरी टॉर्च लावतं. टॉर्च लावू नका. काजव्यांची जोडी उजेडाच्या खुणांवरच जुळते.

तर माझ्या बॅगेत आता दोन काचा असतात, तीन स्टॉपची आणि सहाची. दहाची घरी असते. दोन्ही मार्ग एकत्र चालवता येतात हे मला फार उशिरा उमगलं. ढगाळ संध्याकाळी एफ/११ वर १/१५ सेकंद येत असेल, तर तीन स्टॉपच्या काचेने प्रत्येक फ्रेम अर्ध्या सेकंदाची होते. मग ६४ फ्रेममध्येच कॅमेऱ्याने ३२ सेकंद खरोखर पाहिलेले असतात. फट अरुंद, लाटांच्या चिंध्या नाहीत, आणि एवढ्या फिकट काचेतून फोकसही होतो.

हरिहरेश्वरला त्या दिवशी शेवटी तेच केलं. काकांसमोर मोठ्या ऐटीत सुरू केलेला फोटो तुषारांनी बिघडवला होता. काच पुसली, सहाची उतरवून तीनची चढवली, आणि काळोख पडता पडता ६४ फ्रेम घेतल्या. घरी येऊन पाहिलं तर सलग पाच फ्रेमवर मोठा थेंब बसलेला. त्या काढल्या, उरलेल्या ५९ मिसळल्या. खडक काळेभोर, समुद्र धुक्यासारखा. पूर्ण झूम केल्यावर क्षितिजावर एक मासेमारीची होडी सापडली, तिच्या दिव्याची बारीक मण्यांची माळ झालेली, आणि मध्ये एके ठिकाणी पाच मणी गळालेले. बुजवता आले असते, पण तसेच ठेवले.